घटक ५ : जोडीदाराच्या ऑनलाइन शोधातील स्व-सादरीकरणाची भाषा

५.० उद्दिष्टे

ह्या घटकाचा अभ्यास केल्यावर तुम्हांला –

● ‘स्व-सादरीकरण’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करता येईल.
● विवाहविषयक छोटी जाहिरात, परिचयपत्रक आणि ऑनलाइन प्रोफाइल ह्यांच्या भाषेतील साम्य-भेद सांगता येतील.
● मराठी वाक्यरचनेतून लिहिणाऱ्याचा ‘मी’ कसा प्रकट होतो किंवा कसा झाकला जातो, हे दाखवता येईल.
● ठरीव शब्दप्रयोगांमागील पूर्वगृहीते व ध्वनितार्थ उलगडता येतील.
● स्वतःचा अथवा इतरांचा परिचय प्रामाणिकपणे व जबाबदारीने लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण नोकरीच्या अर्जाची आणि जाहिरातीची भाषा अभ्यासली. त्या दोन्ही लेखनप्रकारांत एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाकडे काहीतरी मागत असतो. ह्या घटकात आपण त्याच जातीचा, पण अधिक नाजूक असा एक लेखनप्रकार पाहणार आहोत. विवाह-संकेतस्थळावर किंवा डेटिंग ॲपवर जोडीदार शोधणारी व्यक्ती स्वतःविषयी जो मजकूर लिहिते, त्याला आता मराठीतही ‘प्रोफाइल’ असेच म्हणतात. ह्या मजकुरात माणूस स्वतःच जाहिरातदार असतो, स्वतःच जाहिरातीचा विषय असतो, आणि शेवटी उमेदवारही स्वतःच असतो.

तुमच्यापैकी काहींनी असा मजकूर स्वतःसाठी लिहिला असेल. काहींना धाकट्या बहिणीसाठी, मुलासाठी किंवा नात्यातल्या कुणासाठी तो लिहून द्यावा लागला असेल. घरात जो ‘शिकलेला’ असतो त्याच्याकडे हे काम हमखास येते. म्हणून हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

विवेचनाला आधार म्हणून प्रथम दोन नमुने वाचा. दोन्ही अभ्यासासाठी रचलेले आहेत. दोन्हींत एकाच कल्पित स्त्रीचा परिचय आहे.

नमुना १ (भावाने लिहून दिलेला) : विधवा, ३८, एक मुलगा. साधी, समंजस, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. स्वतःचा छोटा व्यवसाय. तडजोडीस तयार. अनुरूप स्थळ पाहिजे. अपत्य असलेले चालेल.

नमुना २ (तिने स्वतः लिहिलेला) : मी ३८ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी माझे पती वारले. मुलगा नववीत आहे आणि तो माझ्याजवळच राहील. मी शिवणकाम करते. दुकान भाड्याचे आहे, दोन मशिनी माझ्या आहेत. सकाळी सातला मशिनीवर बसते, त्यामुळे सकाळचा चहा कुणी करून दिला तर मला आवडेल. रात्री मुलाबरोबर कॅरम खेळते आणि बहुधा हरते. मला घरी आल्यावर बोलणारा माणूस हवा आहे.

दोन्ही नमुन्यांत असत्य असे काहीही नाही. तरीही पहिला नमुना वाचून ही स्त्री कोण आहे, हे आपल्याला सांगता येत नाही. दुसरा वाचल्यावर मात्र ती आपल्यासमोर उभी राहते. हा फरक भाषेच्या कोणत्या गुणांमुळे पडतो, हे समजून घेणे हा ह्या घटकाचा मुख्य हेतू आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ स्व-सादरीकरण : संकल्पना

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी ‘द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ’ हा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. चारचौघांत वावरताना प्रत्येक माणूस काही अंशी रंगमंचावरील नटासारखा वागतो, समोरच्याच्या मनात आपली विशिष्ट प्रतिमा उमटावी म्हणून प्रयत्न करतो, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. ह्यासाठी आपण ‘स्व-सादरीकरण’ ही संज्ञा वापरू. सादरीकरण म्हणजे ढोंग नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. वर्गात येताना नीटनेटके कपडे घालणारा शिक्षक कुणाला फसवत नसतो. आपण ज्या भूमिकेत उभे आहोत तिचे भान तो ठेवत असतो.

गॉफमन ह्यांनी आणखी एक महत्त्वाचा भेद केला. माणूस काही गोष्टी हेतुपूर्वक सांगतो, तर काही गोष्टी त्याच्याकडून नकळत व्यक्त होतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवा. ‘मला वाचनाची आवड आहे’ हे मुलीने सांगितलेले असते. परंतु तिच्या हातातल्या ताटलीचा कंप, आईकडे टाकलेला कटाक्ष, एखाद्या प्रश्नावर जरासे लांबलेले मौन, हे सारे न सांगता कळते. पाहुणे सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेल्यावर अधिक विश्वास ठेवतात.

ऑनलाइन प्रोफाइलमध्ये ही दुसरी वाट पुष्कळशी बंद होते. आवाज नाही, हालचाल नाही. आहे तो मजकूर आणि निवडून लावलेली छायाचित्रे. संज्ञापनाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर ह्यांनी १९९६ मध्ये ह्या परिस्थितीचे मार्मिक विश्लेषण केले. लेखी माध्यमात पाठवणाऱ्याला विचार करून, खोडून, पुन्हा लिहून आपली उत्तम बाजू मांडायला सवड मिळते. वाचणारा मिळालेल्या थोड्या खुणांवरून उरलेले चित्र स्वतःच्या कल्पनेने, आणि बहुधा अधिक सुंदर असे, पूर्ण करतो. म्हणून प्रत्यक्ष भेटीत होणारी निराशा दर वेळी फसवणुकीतूनच येते असे नाही. पुष्कळदा ती वाचणाऱ्याने स्वतः रंगवलेल्या चित्रातूनही येते.

आणि तरीही नकळत व्यक्त होणे पूर्णपणे थांबत नाही. निकोल एलिसन, रेबेका हाइनो आणि जेनिफर गिब्ज ह्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील डेटिंग संकेतस्थळाच्या ३४ सदस्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्धलेखनाच्या चुकांसारख्या बारीक खुणांवरूनही वाचणारे लेखकाविषयी अनुमान काढतात, असे त्यात आढळले. मजकूर जसा सांगतो तसाच उघडही करतो.

५.२.२ माध्यम आणि त्याची चौकट

स्व-सादरीकरणाची भाषा केवळ व्यक्तीच्या स्वभावातून येत नाही. माध्यम जी चौकट पुरवते तिच्यातूनही ती घडते. मराठी समाजातील चार चौकटी आपण क्रमाने पाहू.

(अ) वृत्तपत्रातील छोटी जाहिरात : येथे शब्दांना पैसे पडतात. त्यामुळे क्रियापदे गळतात आणि नामे व विशेषणे उरतात. ‘उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, एकुलता एक.’ बोलणारे बहुधा पालक असतात. ज्याचे लग्न ठरायचे तो मजकुरात तृतीय पुरुषी असतो. नमुना १ संकेतस्थळासाठी लिहिलेला असला, तरी त्याची भाषा ह्या जुन्या छोट्या जाहिरातीचीच आहे. शब्दांना पैसे पडणे थांबले, पण सवय थांबली नाही.

(आ) परिचयपत्रक अथवा बायोडाटा : वधू-वर सूचक मंडळांच्या फाइलींतून फिरणारा हा एक पानी मजकूर आता व्हॉट्सॲपवरून फिरतो. जन्मवेळ, रास, नक्षत्र, देवक, वर्ण, मामाचे कुळ, आणि शेवटी ‘अपेक्षा’ असे त्याचे रकाने ठरलेले असतात. बौद्ध कुटुंबांच्या परिचयपत्रकात पत्रिकेचे रकाने बहुधा नसतात. म्हणजे रकाना असणे किंवा नसणे हेही एक विधानच होय.

(इ) विवाह-संकेतस्थळ : भारतात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही संकेतस्थळे सुरू झाली. त्यांनी परिचयपत्रकाचे रकाने निवडसूचीत आणले आणि ‘माझ्याविषयी’ असा एक मोकळा चौकोन जोडला. प्रोफाइल कोणी तयार केले – स्वतः, पालक, भावंड की मित्र – असेही तेथे विचारलेले आढळते. साहित्याच्या अभ्यासात आपण ‘निवेदक कोण?’ असा प्रश्न विचारतो. येथे तो संकेतस्थळच विचारते.

(ई) डेटिंग ॲप : २०१२ मध्ये आलेल्या टिंडरसारख्या ॲपवर प्रथम छायाचित्र येते आणि मग मजकूर. टिंडरवर तो ५०० अक्षरचिन्हांच्या मर्यादेत बसवावा लागतो. कुळ, गोत्र, मामा येथे नसतात. त्यांच्या जागी आवडीनिवडी, विनोद आणि प्रवासाची छायाचित्रे येतात. पालक ह्या चौकटीबाहेर आहेत, त्यामुळे ‘मी’ला जागा सर्वांत मोकळी आहे. परंतु येथेही ठरीवपणा लवकर शिरतो : ‘कॉफी, पुस्तके, पाऊस, सह्याद्री’ हेही ‘साधी, समंजस, मनमिळाऊ’सारखेच साच्यातले शब्द होतात.

चौकट तटस्थ नसते, ह्याचे एक उदाहरण पाहा. शादी डॉट कॉम ह्या संकेतस्थळावर त्वचेच्या रंगानुसार शोध घेण्याची सोय होती. सदस्यांनी ऑनलाइन निवेदनाद्वारे आक्षेप घेतल्यावर जून २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. निवडसूचीत ‘गोरा, गव्हाळ, सावळा’ असे पर्याय असतात तेव्हा रंग सांगणे हे व्यक्तीचे वर्तन राहत नाही. तो प्रश्न चौकटच विचारते, आणि उत्तर न देणारा काहीतरी लपवतो असे वाटू लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) गॉफमन ह्यांच्या मते स्व-सादरीकरणातून व्यक्त होणाऱ्या गोष्टींचे दोन प्रकार कोणते?
(२) छोट्या जाहिरातीत क्रियापदे का गळतात?

५.२.३ वाक्यरचना आणि ‘मी’

आता मराठीच्या वाक्यरचनेकडे वळू. प्रोफाइलमधील वाक्ये स्थूलमानाने तीन प्रकारची असतात.

(१) विशेषणप्रधान : ‘मी शांत, समंजस आणि कुटुंबवत्सल आहे.’ येथे लेखक स्वतःवर निर्णय देतो. पुरावा देत नाही. खरे तर समंजसपणाचा निर्वाळा इतरांनी द्यायचा असतो.

(२) अनुभवप्रधान : ‘मला प्रवास आवडतो.’ ‘मला गाणी आवडतात.’ ह्या वाक्यांतील क्रियापद पाहा. ते ‘मी’प्रमाणे बदलत नाही, ‘प्रवास’ आणि ‘गाणी’ ह्यांच्याप्रमाणे बदलते. माणूस येथे ‘मला’ ह्या रूपात अनुभव घेणारा म्हणून येतो, काही करणारा म्हणून नाही. अशी वाक्ये लिहायला सोपी आणि निर्धोक असतात, म्हणूनच प्रोफाइलमध्ये त्यांची गर्दी होते.

(३) क्रियाप्रधान : ‘मी शिवणकाम करते.’ ‘रात्री मुलाबरोबर कॅरम खेळते आणि बहुधा हरते.’ येथे व्यक्ती कर्ता आहे. वाचणाऱ्याला कृती दिसते आणि निष्कर्ष त्याने स्वतः काढायचा असतो. ‘खेळकर’, ‘मुलावर प्रेम करणारी’ अशी विशेषणे नमुना २ मध्ये कुठेही नाहीत, तरी ती वाचणाऱ्याच्या मनात तयार होतात. स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस अधिक विश्वास ठेवतो.

‘मला स्वयंपाक आवडतो’ आणि ‘रविवारची भाजी-भाकरी मी करतो’ ह्या दोन वाक्यांची तुलना करून पाहा. पहिले वाक्य लिहिणारा पुरुष कदाचित खाण्याबद्दल बोलत असेल. दुसऱ्या वाक्यात तशी पळवाट नाही.

मराठीचा आणखी एक विशेष येथे फार महत्त्वाचा ठरतो. मराठीत सर्वनाम गाळता येते. परंतु वर्तमानकाळात ‘मी करते’ आणि ‘ती करते’, ‘मी करतो’ आणि ‘तो करतो’, ‘मी आहे’ आणि ‘ती आहे’ ह्यांतील क्रियापदांची रूपे सारखीच असतात. त्यामुळे ‘साधी आहे. घर सांभाळून नोकरी करते. मोठ्यांचा मान ठेवते.’ ही वाक्ये मुलीने स्वतःविषयी लिहिली की वडिलांनी तिच्याविषयी लिहिली, हे व्याकरणावरून ठरवता येत नाही. एक ‘मी’ गाळला की लिहिणाऱ्याचा आवाज आणि घराचा आवाज एकमेकांत मिसळून जातात. आपल्या समाजात लग्न हा दोघांचा निर्णय की दोन घरांचा, ह्याविषयीची संदिग्धता जणू ह्या क्रियापदातच साठलेली आहे.

शब्दांच्या वाटेनेही हे पाहता येते. ‘मुलगी पाहणे’ आणि ‘मुलगी दाखवणे’ ह्या दोन्ही प्रयोगांत मुलगी कर्म आहे. पाहणारे आणि दाखवणारे कर्ते दुसरेच आहेत. स्वतः प्रोफाइल लिहिणारी मुलगी प्रथमच कर्त्याच्या जागी येते. म्हणून तिच्या मजकुरातील ‘मी’ हा केवळ व्याकरणाचा घटक नसून तिने घेतलेली जागा आहे.

५.२.४ ठरीव शब्द : पूर्वगृहीत आणि ध्वनितार्थ

अभिधा, लक्षणा आणि व्यंजना ह्या शब्दशक्ती तुम्ही काव्यशास्त्रात अभ्यासल्या आहेत. व्यंजना केवळ काव्यात असते असे मानण्याचे कारण नाही. व्यवहाराच्या कोरड्या वाटणाऱ्या शब्दांतही ती काम करते. पुढील शब्द तपासून पाहू.

गृहकृत्यदक्ष : ह्या शब्दाला व्याकरणाच्या दृष्टीने पुल्लिंगी विशेष्य चालण्यास काहीच हरकत नाही. तरी ‘गृहकृत्यदक्ष वर पाहिजे’ असे वाचताच आपल्याला हसू येते. ते हसू म्हणजेच त्या शब्दातील पूर्वगृहीत होय : घरकाम स्त्रीचे.

निर्दोष घटस्फोटित : घटस्फोट झालेली व्यक्ती दोषी असते, हे गृहीत धरल्याशिवाय ‘निर्दोष’ ह्या विशेषणाची गरजच उरत नाही. लिहिणारा स्वतःला सोडवू पाहतो, पण तसे करताना इतर सर्व घटस्फोटितांवरील आरोप मान्य करतो. शिवाय ‘मी निर्दोष’ म्हटले की ‘मग दोषी कोण?’ हा प्रश्न उरतो, आणि जी व्यक्ती उत्तर द्यायला तेथे उपस्थित नाही तिच्याकडे बोट जाते.

चालेल : ‘अपत्य असलेले चालेल’, ‘अपंग चालेल’, ‘विधवा चालेल’. ‘चालेल’ हे सवलतीचे क्रियापद आहे. जे हवे होते ते मिळत नसेल तर हेही पत्करू, असा त्याचा ध्वनी आहे. नमुना १ मधील भावाने हा शब्द उदारपणे वापरला आहे. परंतु ज्या पुरुषाला दोन लहान मुली आहेत त्याने तो वाचला, तर आपल्या मुलींना ‘चालवून घेतले’ जाणार आहे असे त्याला वाटले तर नवल नाही. ‘तुमची मुले असतील तर तीही ह्या घरातली होतील’ असे वाक्य थोडे लांब होते, पण ते वेगळी गोष्ट सांगते.

क्षमस्व : ‘मध्यस्थ क्षमस्व’ इथपर्यंत हा शब्द सौजन्याचा आहे. पण जाहिरातींत व प्रोफाइलांत ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’ असेही छापलेले आढळते. संस्कृतात ‘क्षमस्व’ म्हणजे ‘क्षमा कर’. येथे क्षमा मागितल्याचा आव आहे, कृती मात्र दार बंद करण्याची आहे. नम्रतेचा शब्द अपमानाचे वाहन कसा होतो, ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. ‘सर्वजातीय’ असे लिहून कंसात हीच अट घालणारा मजकूर तर स्वतःच्याच पहिल्या शब्दाला खोटे ठरवतो.

शेतकरी आणि बागायतदार : व्यवसाय एकच, पण विवाहाच्या बाजारात दोन्ही शब्दांचे मोल वेगळे. ‘शेतकरी नवरा नको’ ही अपेक्षा ग्रामीण महाराष्ट्रात किती खोल गेली आहे, हे सर्वपरिचित आहे. लग्न जुळत नाही म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. अशा परिस्थितीत ‘शेतकरी’ ऐवजी ‘बागायतदार’ किंवा ‘शेतीपूरक व्यवसाय’ लिहिणारा तरुण शब्दांची निवड करत असतो ती केवळ शोभेसाठी नव्हे. एका शब्दामुळे आपला मजकूर पुढे वाचलाच जाणार नाही, ही भीती त्या निवडीमागे असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) ‘साधी आहे. नोकरी करते.’ ह्या वाक्यांत लिहिणारी व्यक्ती का ओळखता येत नाही?
(२) ‘निर्दोष घटस्फोटित’ ह्या प्रयोगातील पूर्वगृहीत कोणते?

५.२.५ सत्य, अर्धसत्य आणि मौन

ऑनलाइन परिचयात लोक खोटे बोलतात काय? कॅटलिना टोमा, जेफ्री हॅनकॉक आणि निकोल एलिसन ह्यांनी न्यूयॉर्कमधील ८० सदस्यांची उंची व वजन प्रत्यक्ष मोजून आणि वय ओळखपत्रावरून तपासून ती माहिती त्यांच्या प्रोफाइलशी ताडून पाहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात ८१ टक्के व्यक्तींनी तिन्हींपैकी किमान एका बाबतीत चुकीची माहिती दिल्याचे आढळले. परंतु बहुतेक तफावत लहान होती. पुरुषांचा कल उंची वाढवून सांगण्याकडे, तर स्त्रियांचा वजन कमी सांगण्याकडे होता. आज ना उद्या प्रत्यक्ष भेट व्हायची आहे, ही जाणीव माणसाला मर्यादेत ठेवते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हा अभ्यास अमेरिकेतला आहे. त्याचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. आपल्या परिचयपत्रकातील ‘वर्ण : गव्हाळ’ हा रकाना आठवला, म्हणजे सौम्य अतिशयोक्तीची जागा समाजागणिक बदलते हे लक्षात येईल.

टोमा व हॅनकॉक ह्यांनी २०१२ मध्ये ह्याच प्रश्नाची भाषिक बाजू तपासली. अधिक खोटी माहिती देणाऱ्यांच्या इंग्रजी मजकुरात ‘मी’दर्शक सर्वनामे कमी, नकारार्थी शब्द अधिक आणि मजकूर आखूड, असे त्यांना आढळले. मात्र हे संगणकीय मोजणीतून दिसले. सामान्य वाचकांना मजकूर वाचून खोटे ओळखता आले नाही. ह्यातून आपण दोन धडे घ्यावेत. पहिला व्याकरणाचा : मराठीत ‘मी’ गाळणे ही भाषेची रीतच असल्यामुळे केवळ सर्वनामे मोजून मराठी मजकुराविषयी असा निष्कर्ष काढता येणार नाही. दुसरा व्यवहाराचा : ‘मला माणूस लिहिण्यावरून कळतो’ असा विश्वास बाळगू नये. पैशाची मागणी, भेट टाळणे, साध्या तपशिलांची उत्तरे न देणे, अशा गोष्टींची शहानिशा भाषेच्या बाहेर जाऊनच करावी लागते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये विवाह-संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढून सदस्यांच्या ओळखीच्या पडताळणीवर भर दिला, तो ह्याच कारणाने.

मौनाचे काय? भाषातत्त्वज्ञ पॉल ग्राइस ह्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संभाषणाचे सहकार्य तत्त्व मांडले. बोलणारा पुरेसे सांगेल, खरे सांगेल, प्रस्तुत ते सांगेल आणि स्पष्ट सांगेल, असे ऐकणारा गृहीत धरत असतो. प्रोफाइलमध्ये सर्व काही सांगणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. घराचा पत्ता, पगाराचा नेमका आकडा, जुन्या दुःखाचे तपशील पहिल्याच मजकुरात न देणे हा संयम आहे. पण ज्याच्या अभावामुळे वाचणारा वेगळाच निष्कर्ष काढेल आणि त्या निष्कर्षावर आपले आयुष्य उभे करील, ते न सांगणे ही फसवणूक होय. आधीचे लग्न, अपत्य, लग्नानंतर परदेशी स्थायिक होण्याचा पक्का बेत, ह्या गोष्टी अशा आहेत. नमुना २ मधील स्त्री मुलाविषयी तिसऱ्याच वाक्यात सांगते, आणि ‘तो माझ्याजवळच राहील’ असे भविष्यकाळी क्रियापद वापरते. त्या वाक्यात तिने एकाच वेळी माहिती दिली आहे आणि अटही सांगितली आहे. त्या एका वाक्यामुळे काही स्थळे परत जातील, हे तिला ठाऊक आहे. पण जी जाणार ती आत्ताच जावीत, मुलाला पाहून झाल्यावर नव्हे, हे त्या वाक्याचे शहाणपण आहे.

५.२.६ परिचय लिहिताना

वरील विवेचनातून लिहिणाऱ्यासाठी चार कसोट्या निघतात.

(१) अदलाबदलीची कसोटी : हे वाक्य शेजारच्या प्रोफाइलमध्ये तसेच उचलून ठेवता येते काय? येत असेल, तर ते तुमच्याविषयी काही सांगत नाही.
(२) कर्त्याची कसोटी : किमान दोन-तीन वाक्यांत तुम्ही काहीतरी करताना दिसता काय?
(३) अनुपस्थिताची कसोटी : मजकुरात नसलेल्या कुणाचा – आधीच्या जोडीदाराचा, एखाद्या जातीचा, सासू-सुनेचा – अवमान होतो काय?
(४) भेटीची कसोटी : हाच मजकूर समोरासमोर बसून, डोळ्यांत पाहून म्हणता येईल काय?

दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याने पाचवी कसोटी लावावी : लिहिलेले त्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावे. नमुना १ मधील भाऊ दुष्ट नाही. बहिणीचे पुन्हा मांडावे ह्या काळजीनेच त्याने लिहिले आहे. ‘तडजोडीस तयार’ हे शब्द त्याने तिच्या भल्यासाठी घातले. पण त्या दोन शब्दांत त्याने तिच्या वतीने, तिला न विचारता, अनोळखी माणसाला एक वचन दिले आहे. वाचून दाखवले असते तर ती कदाचित म्हणाली असती, “दादा, तडजोड कसली ते तरी मला सांग.”

५.३ सारांश

स्व-सादरीकरण म्हणजे ढोंग नव्हे. ते सर्वच सामाजिक व्यवहारांचे अंग आहे. ऑनलाइन परिचयात ते प्रामुख्याने भाषेवर आणि छायाचित्रांवर अवलंबून असते. माध्यमाची चौकट काय विचारायचे हे ठरवते आणि त्यामुळे काय सांगितले जाईल हेही ठरवते. विशेषणप्रधान वाक्ये निर्णय देतात, अनुभवप्रधान वाक्ये आवड सांगतात, क्रियाप्रधान वाक्ये माणूस दाखवतात. मराठीत ‘मी’ गाळल्यामुळे व्यक्तीचा आणि कुटुंबाचा आवाज एकरूप होऊ शकतो. ‘गृहकृत्यदक्ष’, ‘निर्दोष’, ‘चालेल’, ‘क्षमस्व’ अशा ठरीव शब्दांतून लिंग, जात आणि प्रतिष्ठा ह्यांविषयीची पूर्वगृहीते नकळत पुढे जातात. म्हणून परिचय लिहिणे हे जसे कौशल्य आहे, तशीच ती जबाबदारीही आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

स्व-सादरीकरण : इतरांच्या मनात आपली विशिष्ट प्रतिमा उमटावी म्हणून केलेले वर्तन व भाषिक निवड.
पूर्वगृहीत : विधान अर्थपूर्ण होण्यासाठी आधीच मान्य धरावी लागणारी गोष्ट.
ध्वनितार्थ : शब्दांत न सांगता सूचित होणारा अर्थ.
सहकार्य तत्त्व : संभाषणात दोन्ही बाजू पाळतात असे गृहीत धरलेले संकेत.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) हेतुपूर्वक सांगितलेल्या गोष्टी आणि नकळत व्यक्त झालेल्या गोष्टी.
(२) शब्दांना पैसे पडत असल्यामुळे कमीत कमी शब्दांत अधिक माहिती द्यावी लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) सर्वनाम गाळलेले आहे आणि वर्तमानकाळात प्रथम व तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदांची रूपे सारखी आहेत.
(२) घटस्फोटित व्यक्ती सामान्यतः दोषी असते, हे पूर्वगृहीत.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘माध्यमाची चौकट तटस्थ नसते’ हे विधान विवाह-संकेतस्थळाच्या आधारे स्पष्ट करा.
(२) नमुना १ व नमुना २ ह्यांची वाक्यरचनेच्या दृष्टीने तुलना करा.
(३) टीपा लिहा : (अ) ‘चालेल’ आणि ‘क्षमस्व’ ह्यांचे ध्वनितार्थ (आ) संयम आणि फसवणूक ह्यांतील सीमारेषा.

५.७ उपक्रम

एखाद्या रविवारच्या मराठी वृत्तपत्रातील वीस विवाहविषयक जाहिराती घ्या. वधूसाठी आणि वरासाठी वापरलेल्या विशेषणांच्या दोन स्वतंत्र याद्या करा. दोन्ही याद्यांत समान असलेले शब्द कोणते, ते शोधा. त्यानंतर एकही विशेषण न वापरता, सात वाक्यांत, घरातल्या एखाद्या व्यक्तीचा परिचय लिहा आणि तो त्या व्यक्तीला वाचून दाखवा. तिने सुचवलेले बदल आपल्या वहीत नोंदवून संपर्कसत्राच्या वेळी चर्चेसाठी आणा.